कौल मिळाला, पण विमा कधी?

अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या मतदारांनी ४ ऑगस्ट २०२० रोजी गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची व्याप्ती वाढवण्याच्या बाजूने कौल दिला. प्रस्तावाला ५३ टक्के मते मिळाली. ठरल्याप्रमाणे १ जुलै २०२१ पासून हा विमा लागू व्हायला हवा होता. प्रत्यक्षात विधिमंडळाने त्यासाठी पैसेच मंजूर केले नाहीत, गव्हर्नरने योजना मागे घेतली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर ऑक्टोबरमध्ये अर्ज निकाली निघू लागले. मतदान जिंकल्यापासून विमा हाती पडेपर्यंत लाभार्थ्यांची वर्षाहून अधिक काळ परवड झाली.

लोकांनी थेट मतदानाने कायदा करण्याची ही पद्धत अमेरिकेतील जवळपास निम्म्या राज्यांत आहे. गेल्या काही वर्षांत आरोग्याचे अनेक मोठे निर्णय याच वाटेने झाले. गरिबांचा विमा, गर्भपाताचा अधिकार, तंबाखूवरील कर, आजारपणाची पगारी रजा, अमली पदार्थांविषयीचे धोरण अशी ही यादी आहे. मात्र मतदान जिंकणे आणि निर्णय अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे या प्रत्येक प्रकरणात दिसून आले. आता तर काही राज्यांत मतदानाचे नियमच बदलण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

नागरिक-प्रस्ताव म्हणजे काय?

एरवी कायदा विधिमंडळ करते. नागरिक-प्रस्तावाच्या पद्धतीत मात्र सामान्य नागरिकांचा एखादा गट कायद्याचा किंवा राज्यघटना दुरुस्तीचा मसुदा स्वतः तयार करतो, ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या गोळा करतो आणि तो मसुदा थेट मतपत्रिकेवर आणतो. मतदार ‘हो’ किंवा ‘नाही’ असे मत देतात. बहुमत मिळाले की मसुदा कायदा होतो. त्यावर गव्हर्नरची सही लागत नाही. याच्याशी मिळताजुळता दुसरा प्रकार म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा सह्यांच्या जोरावर मतदारांपुढे आणून रद्द करून घेणे.

ही कल्पना स्वित्झर्लंडहून आली. अमेरिकेत १८९८ मध्ये साउथ डकोटाने ती सर्वप्रथम स्वीकारली. १९०२ मध्ये ओरेगनने आणि १९११ मध्ये कॅलिफोर्नियाने तिचा अवलंब केला. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळावर रेल्वे कंपनीचा मोठा पगडा होता. प्रतिनिधी विकले गेले तरी लोकांच्या हाती काहीतरी राहावे, हा गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या सुधारणांमागचा विचार होता. राष्ट्रीय पातळीवर मात्र ही सोय नाही. अमेरिकेची काँग्रेस जो कायदा करते, तो नागरिकांना सह्या गोळा करून बदलता येत नाही.

प्रस्ताव मतपत्रिकेपर्यंत कसा पोहोचतो?

तपशील राज्यागणिक बदलतो, पण टप्पे साधारण सारखे असतात. कॅलिफोर्नियात प्रस्तावकांना आधी मसुदा आणि २,००० डॉलर शुल्क भरावे लागते. राज्याचे महाधिवक्ता प्रस्तावाचे शीर्षक आणि सारांश लिहितात. बहुतेक मतदार पूर्ण मसुदा वाचत नाहीत, हा सारांशच वाचतात. त्यामुळे त्यातील एकेका शब्दावरून न्यायालयात वाद होतात. त्यानंतर सह्यांसाठी १८० दिवस मिळतात. साध्या कायद्यासाठी गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के आणि घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के सह्या लागतात. २०२२ च्या निवडणुकीनंतर हे आकडे अनुक्रमे ५ लाख ४६ हजार ६५१ आणि ८ लाख ७४ हजार ६४१ असे झाले. प्रत्येक सही तपासणे शक्य नसल्याने आधी नमुना घेऊन पडताळणी होते. नमुन्यावरून काढलेला अंदाज काठावर असेल तरच सगळ्या सह्या तपासल्या जातात.

काही राज्यांत एकूण सह्या पुरेशा नसतात. त्या राज्यभर विखुरलेल्याही असाव्या लागतात. मिसुरीत घटनादुरुस्तीसाठी आठपैकी सहा काँग्रेस मतदारसंघांतून प्रत्येकी ८ टक्के सह्या लागतात. आयडाहोत ३५ पैकी १८ विधिमंडळ मतदारसंघांची अट आहे. एकट्या मोठ्या शहराने अख्ख्या राज्याचा कायदा ठरवू नये, हा यामागचा हेतू. मेनसारख्या राज्यांत प्रस्ताव आधी विधिमंडळापुढे जातो आणि विधिमंडळाने तो जसाच्या तसा स्वीकारला नाही तर मतदारांपुढे येतो.

कागदपत्रांत चूक झाली तर सगळी मेहनत वाया जाते. आर्कान्सामध्ये २०२४ साली गर्भपाताच्या अधिकाराविषयीच्या प्रस्तावावर एक लाखाहून अधिक सह्या सादर झाल्या होत्या. मानधन घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा कागद नियमाप्रमाणे जोडला नव्हता, या कारणाने राज्य प्रशासनाने अर्ज फेटाळला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. प्रस्ताव मतपत्रिकेवर आलाच नाही.

आरोग्याचे प्रश्न मतपत्रिकेवर का येतात?

याचे मोठे कारण मेडिकेडमध्ये सापडते. मेडिकेड ही अमेरिकेतील गरिबांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना. तिचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. २०१० च्या आरोग्य कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना तिच्यात आणायचे ठरले होते. २०२० मध्ये एकट्या व्यक्तीसाठी ही मर्यादा वर्षाला सुमारे १७,६०० डॉलर होती. मात्र हा विस्तार राज्यांवर सक्तीने लादता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. वाढीव खर्चाचा ९० टक्के भार केंद्र उचलणार असूनही अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी नकार दिला.

त्यातून एक विचित्र पोकळी तयार झाली. दारिद्र्यरेषेच्या वर कमावणाऱ्याला खासगी विम्यासाठी केंद्राचे अनुदान मिळते. त्याहून कमी कमावणारा मेडिकेडमध्ये असेल, असे कायद्याने गृहीत धरले होते, म्हणून त्याला अनुदानही नाही आणि राज्याने विस्तार नाकारल्याने मेडिकेडही नाही. मिसुरीत विस्तारापूर्वी मूल नसलेला धडधाकट प्रौढ कितीही गरीब असला तरी योजनेत बसत नव्हता.

विधिमंडळाचे दार बंद झाल्यावर आरोग्य संघटना, रुग्णालये आणि स्वयंसेवी गट मतपत्रिकेकडे वळले. २०१७ मध्ये मेन, २०१८ मध्ये आयडाहो, युटा आणि नेब्रास्का, २०२० मध्ये ओक्लाहोमा आणि मिसुरी आणि २०२२ मध्ये साउथ डकोटा या सात राज्यांत मतदारांनी विस्तार मंजूर केला. या राज्यांत विधिमंडळावर किंवा गव्हर्नरपदावर रिपब्लिकन पक्षाची पकड होती. त्याच पक्षाला मत देणाऱ्या अनेकांनी विम्याच्या प्रश्नावर मात्र आपल्या प्रतिनिधींपेक्षा वेगळे मत दिले. आयडाहोत तर ‘हो’ म्हणणारे ६० टक्क्यांवर गेले. उमेदवार निवडताना मतदाराला पक्षाची सगळी भूमिका एकगठ्ठा स्वीकारावी लागते. प्रस्तावावर मत देताना एकच प्रश्न समोर असतो. फरक तिथे पडतो.

विम्याने खरेच फरक पडतो का?

या प्रश्नावर संशोधकांत बराच काळ वाद होता. ओरेगनने २००८ मध्ये मेडिकेडच्या मर्यादित जागांसाठी सोडत काढली. त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची तुलना प्रयोगासारखी करता आली. दोन वर्षांनंतर विमा मिळालेल्यांत नैराश्याचे प्रमाण कमी झाले आणि उपचारांपायी होणारी आर्थिक ओढाताण बरीच घटली. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मधुमेहाच्या चाचण्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. विस्ताराचे विरोधक आजही या निष्कर्षांचा दाखला देतात.

त्यानंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात राष्ट्रीय सर्वेक्षण आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकांशी जोडून पाहण्यात आल्या. ५५ ते ६४ वयोगटातील कमी उत्पन्नाच्या लोकांमध्ये, विस्तार केलेल्या राज्यांत मृत्यूचे प्रमाण ९.४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. उतारवयाकडे झुकलेल्या आणि जुने आजार असलेल्या गरिबांसाठी विम्याचा फायदा सर्वात ठळक असतो, हे यातून पुढे आले. तेव्हा विस्तार वर्षभर लांबतो, तेव्हा त्याची किंमत प्रशासकीय विलंबापेक्षा मोठी असते.

मिसुरीत नेमके काय घडले?

मिसुरीत मतदारांनी मंजूर केलेला मसुदा घटनादुरुस्तीचा होता. त्यात विस्ताराची तारीख होतीच, शिवाय नव्या लाभार्थ्यांवर जास्तीच्या अटी लादता येणार नाहीत, असेही कलम होते. मात्र विमा द्यायचा तर अर्थसंकल्पात तरतूद लागते आणि ती विधिमंडळाच्या हाती. २०२१ च्या अर्थसंकल्पातून विधिमंडळाने ही रक्कम वगळली. मे महिन्यात गव्हर्नरने विस्ताराची तयारी थांबवली.

कमी उत्पन्नाच्या तीन महिलांनी न्यायालयात धाव घेतली. मिसुरीच्या घटनेनुसार नागरिक-प्रस्तावाला उत्पन्नाची सोय केल्याशिवाय राज्याच्या तिजोरीतून पैसे वाटता येत नाहीत. याच आधारावर खालच्या न्यायालयाने दुरुस्तीच अवैध ठरवली. २२ जुलै २०२१ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. दुरुस्ती पैसे वाटत नाही, ती फक्त पात्र कोण हे ठरवते. विधिमंडळाने मेडिकेडसाठी जो पैसा दिला आहे तो नव्या-जुन्या सर्व पात्र लोकांसाठी वापरता येईल, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. त्यानंतरही अडचणी संपल्या नाहीत. अर्ज निकाली काढण्यासाठी केंद्राने ४५ दिवसांची मर्यादा घालून दिली आहे. २०२२ मध्ये मिसुरीत सरासरी १०० दिवसांहून अधिक काळ लागत होता आणि केंद्राला लक्ष घालावे लागले.

मेनमध्येही असेच झाले. तिथे २०१७ मध्ये ५९ टक्के मतदारांनी विस्ताराला मंजुरी दिली, पण गव्हर्नर पॉल लपाज यांनी तो अमलात आणला नाही. त्याआधी विधिमंडळाने संमत केलेली विस्ताराची विधेयके त्यांनी पाच वेळा नकाराधिकार वापरून रोखली होती. जानेवारी २०१९ मध्ये जॅनेट मिल्स गव्हर्नर झाल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी विस्ताराचा आदेश काढला.

साधा कायदा आणि घटनादुरुस्ती यांत फरक काय?

प्रस्ताव साध्या कायद्याच्या स्वरूपात मंजूर झाला, तर बहुतेक राज्यांत विधिमंडळ तो इतर कायद्यांप्रमाणे बदलू किंवा रद्द करू शकते. युटात २०१८ मध्ये मतदारांनी पूर्ण विस्तार मंजूर केला. काही महिन्यांत, फेब्रुवारी २०१९ मध्ये, विधिमंडळाने त्याऐवजी छोटी योजना आणली. पूर्ण विस्तार व्हायला जानेवारी २०२० उजाडले. मिसुरीत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ५८ टक्के मतदारांनी किमान वेतनवाढीसोबत आजारपणाच्या पगारी रजेचा कायदा मंजूर केला. १ मे २०२५ पासून कामगारांच्या खात्यात रजा जमा होऊ लागली. विधिमंडळाने ती तरतूद रद्द केली आणि २८ ऑगस्टला ती संपली. चार महिनेही झाले नव्हते.

मेडिकेडचा विस्तार टिकला आणि रजा टिकली नाही, यामागे हेच कारण आहे. घटनादुरुस्ती विधिमंडळाला परस्पर पुसता येत नाही. ती पुन्हा मतदारांपुढेच न्यावी लागते. म्हणून अलीकडे प्रस्तावक जास्त सह्यांचा भार उचलून घटनादुरुस्तीचा मार्ग पत्करतात. त्याचा तोटाही आहे. विम्याची पात्रता किंवा औषधाचे नियम असे बारकावे घटनेत गेले की पुढे परिस्थिती बदलल्यावर ते दुरुस्त करणे अवघड होते.

दोन राज्यांनी वेगळा तोडगा काढला आहे. कॅलिफोर्नियात मतदारांनी केलेला साधा कायदासुद्धा, प्रस्तावातच तशी मुभा नसेल तर, विधिमंडळाला मतदारांच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. ॲरिझोनात १९९६ मध्ये मतदारांनी वैद्यकीय कारणासाठी गांजाच्या वापराला मंजुरी दिली आणि विधिमंडळाने तो कायदा निष्प्रभ केला. त्याच्या रागातून १९९८ मध्ये मतदारांनी नवे संरक्षण आणले. आता तिथे मतदारांचा कायदा बदलायचा तर विधिमंडळाचे तीनचतुर्थांश बहुमत लागते आणि तो बदल मूळ कायद्याचा हेतू पुढे नेणारा असावा लागतो.

पैशाचा जोर किती चालतो?

ही पद्धत बड्या कंपन्यांच्या विरोधात जन्मली. पण आज पैशाशिवाय ती चालत नाही. लाखो सह्या स्वयंसेवकांच्या बळावर मिळणे कठीण, म्हणून सह्या गोळा करून देणाऱ्या कंपन्यांना एकेका सहीमागे काही डॉलर मोजले जातात. आयडाहोत स्वयंसेवकांनी जुन्या हिरव्या गाडीतून गावोगाव फिरून मेडिकेडची मोहीम चालवली, पण असे उदाहरण विरळा.

विरोध करायला तर पैसा आणखी उपयोगी पडतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात डायलिसिस केंद्रांच्या नफ्यावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आला. डायलिसिस कंपन्यांनी विरोधी प्रचारावर १० कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि प्रस्ताव पडला. २०२० आणि २०२२ मध्ये केंद्रांत डॉक्टर किंवा तशीच पात्रता असलेली व्यक्ती हजर असण्याची सक्ती करणारे प्रस्ताव आले. तेही पडले. या तिन्ही प्रस्तावांमागे आरोग्य कर्मचाऱ्यांची संघटना होती आणि डायलिसिस केंद्रांत संघटना बांधण्याचा तिचा प्रयत्न चालू होता. रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आणि कामगार-मालक संघर्ष यांची सरमिसळ झाली आणि मतदाराला जाहिरातींच्या भडिमारातून वाट काढावी लागली. माँटानातही २०१८ मध्ये तंबाखूवरील कर वाढवून मेडिकेडचा विस्तार चालू ठेवण्याचा प्रस्ताव होता. तंबाखू उद्योगाने दीड कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. प्रस्ताव नामंजूर झाला.

तरीही पैसेवालाच दर वेळी जिंकतो असे नाही. तंबाखू कंपन्यांच्या जोरदार विरोधानंतरही कॅलिफोर्नियाने १९८८ मध्ये सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट कर वाढवला. त्यातील काही भाग धूम्रपानविरोधी प्रचारासाठी आणि संशोधनासाठी राखून ठेवला. त्यानंतर तिथला सिगारेटचा खप उर्वरित देशापेक्षा वेगाने घटला.

मतदारांचा निर्णय चुकू शकतो का?

चुकू शकतो आणि चुकला की नाही हे ठरवणेही सोपे नसते. ओरेगनने २०२० मध्ये अमली पदार्थ स्वतःपुरते अल्प प्रमाणात बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहणार नाही, असा कायदा सुमारे ५८ टक्के मतांनी केला. तुरुंगाऐवजी उपचार, ही त्यामागची कल्पना. पण उपचार केंद्रांना पैसे मिळायला उशीर झाला आणि नेमक्या त्याच काळात फेंटानिल हे अतितीव्र मादक रसायन राज्यात पसरले. उघड्यावरील नशा आणि मृत्यू पाहून लोकमत फिरले. १ सप्टेंबर २०२४ पासून विधिमंडळाने तो पुन्हा गुन्हा ठरवला. फेंटानिलचा प्रसार हिशेबात धरला तर या कायद्याचा मृत्यूंच्या वाढीशी संबंध दिसत नाही, असे २०२४ मधील एका अभ्यासात आढळले. म्हणजे धोरण फसले की अंमलबजावणी तोकडी पडली, हा वाद शिल्लकच आहे. विधिमंडळातील विधेयक समित्यांतून जाते, तज्ज्ञांची साक्ष होते, मसुद्यात सुधारणा होतात. नागरिक-प्रस्तावात सह्या गोळा होऊ लागल्यावर मसुद्याचा स्वल्पविरामही बदलता येत नाही.

आता नियम का बदलले जात आहेत?

मतदारांचे निर्णय पटले नाहीत तेव्हा अनेक विधिमंडळांनी पद्धतच अवघड करण्याचा मार्ग धरला. ओहायोत गर्भपाताच्या अधिकाराचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२३ मध्ये येणार होता. त्याआधी ऑगस्टमध्ये घटनादुरुस्तीसाठी ६० टक्के मतांची अट घालण्याचा प्रस्ताव ठेवला गेला. मतदारांनी तो फेटाळला आणि नोव्हेंबरमध्ये गर्भपाताचा अधिकार सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर केला. साउथ डकोटातही मेडिकेडच्या मतदानाआधी, जून २०२२ मध्ये, करवाढ किंवा मोठ्या खर्चाच्या प्रस्तावांना ६० टक्क्यांची अट घालण्याचा प्रयत्न झाला. दोनतृतीयांश मतदारांनी तो नाकारला. आयडाहोत सर्व ३५ मतदारसंघांतून सह्या आणण्याची सक्ती करणारा कायदा २०२१ मध्ये न्यायालयाने रद्द केला.

फ्लोरिडात ६० टक्क्यांची अट आधीपासून आहे. तिथे २०२४ मध्ये गर्भपाताच्या अधिकाराला ५७ टक्के मते मिळूनही प्रस्ताव पडला. ही अट २००६ मध्ये मंजूर झाली तेव्हा तिला स्वतःला ५८ टक्केही मते मिळाली नव्हती. मिसुरीच्या विधिमंडळाने २०२६ साठी दोन प्रस्ताव पुढे केले आहेत. एक, २०२४ मध्ये मतदारांनीच मंजूर केलेली गर्भपात हक्काची दुरुस्ती मागे घेण्याचा. दुसरा, यापुढे नागरिकांनी आणलेल्या घटनादुरुस्तीला राज्यभर बहुमत मिळून भागणार नाही, आठही काँग्रेस मतदारसंघांत स्वतंत्र बहुमत लागेल, असा. तसे झाले तर एका मतदारसंघाचा नकारही पुरेसा ठरेल. २०२० मधल्या मेडिकेड विस्तारासारखा काठावरचा कौल अशा नियमात टिकणे जवळपास अशक्य.

वरून केंद्राचेही नियम बदलत आहेत. जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्यानुसार विस्तारातील बहुतेक प्रौढांना १ जानेवारी २०२७ पर्यंत महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवेची अट लागू होणार आहे. मिसुरीच्या मतदारांनी जास्तीच्या अटींना घटनेत मज्जाव केला होता. पण केंद्राच्या कायद्यापुढे राज्याच्या घटनेचे चालत नाही.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

राज्याचा कायदा सह्या गोळा करून थेट मतदानाने करण्याची सोय भारतात नाही. महाराष्ट्रात त्याच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दारूच्या दुकानांवरील मतदान. गावातील किंवा प्रभागातील ठरावीक संख्येने महिलांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. यातून कायदा बनत नाही, फक्त त्या ठिकाणचे दुकान राहील की जाईल एवढेच ठरते. तरी अमेरिकेत दिसणारे पेच इथेही ओळखीचे वाटतील. सह्यांची पडताळणी लांबते, विक्रेते न्यायालयात जातात आणि झालेल्या मतांच्या नव्हे तर यादीतील मतदारांच्या निम्म्याहून अधिक कौल लागत असल्याने मतदानाला न आलेली महिला आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. दुकान बंद झाल्यावर चोरटी विक्री रोखणे हे पुन्हा पोलिसांच्या आणि प्रशासनाच्या हाती असते.

एखाद्या राज्यात आरोग्याचा मोठा निर्णय लोकांनी मतदानाने घेतल्याची बातमी आली, तर टक्केवारीच्या पुढे तीन गोष्टी पाहाव्या लागतात. निर्णय साध्या कायद्याचा आहे की घटनादुरुस्तीचा, त्यासाठी पैसा कोण मंजूर करणार आणि अंमलबजावणी कोणाच्या खात्याकडे आहे. मिसुरीत विमा आणि आजारपणाची रजा, दोन्ही मतदारांनीच मंजूर केले होते. विम्याला घटनेचा आधार होता म्हणून तो उशिरा का होईना मिळाला. रजेला तो नव्हता.